हाँगकाँगला दोन रात्री

पाठीला पिशवी लावून परमुलूख हिंडणे हा विशी-पंचविशीतल्या पोरांचा धर्म आहे, ह्याविषयी आमच्या पुण्यात दुमत नाही. साठीच्या माणसाने प्रवास करायचा तो चाके लावलेल्या बॅगा ओढीत, यात्रा कंपनीच्या रंगीत झेंड्यामागून, आणि सकाळच्या पोह्यांची हमी आधी खिशात घालून. आमच्याही मनात ह्याहून निराळे काही नव्हते. पण ओसाकाला असलेल्या भाच्याने तिकिटे काढली ती सर्वांत स्वस्त. विमान हाँगकाँगला बदलायचे, आणि दुसरे विमान मिळायचे ते एकदम दोन रात्रींनी. "मामा, शनिवारी दुपारी उतराल, सोमवारी सकाळी निघाल. पाठीवर मावेल तेवढंच सामान आणा आणि मजेत हिंडा," असा त्याचा निरोप. निरोपाबरोबर दोन भल्यामोठ्या पाठपिशव्याही त्याने घरी धाडून दिल्या. त्यांना इतके पट्टे आणि इतक्या बकला होत्या की पहिला दिवस आम्ही घोडा कोणता आणि खोगीर कोणते हेच ठरवीत होतो.

आमच्या सौ. मात्र पिशवी अडकवून आरशासमोर ताठ उभ्या राहिल्या. एकोणतीस वर्षे पुण्याच्या ससून रुग्णालयात परिचारिका म्हणून काढलेल्या बाईला ओझ्याचे काय भय? मी ग्रंथपाल. माझे ओझे आयुष्यभर कपाटांनी वाहिले.

हाँगकाँगला चौदा दिवसांपर्यंत राहायचे असेल तर आपल्याला व्हिसा लागत नाही. आधी संगणकावर नोंदणी करून एक कागद तेवढा छापून न्यावा लागतो. तो दाखवला आणि आम्ही बाहेर पडलो. विमानतळाची वर्णने मी करणार नाही. विमानतळ सगळे सारखेच असतात आणि सगळीकडे कॉफी महाग असते. दुमजली बसने कौलूनच्या नेथन रोडवर उतरलो, तो समोर आमचे मुक्कामाचे ठिकाण : चुंगकिंग मॅन्शन्स.

हे नाव ऐकून कोणाला राजवाडा आठवेल तर त्याने सावध व्हावे. १९६१ साली उभी राहिलेली ही सतरा मजल्यांची इमारत. तिचे पाच भाग, आणि प्रत्येक भागाला दोन चिमुकल्या लिफ्ट : एक सम मजल्यांची, दुसरी विषम. तळमजल्यावर पैसे बदलून देणाऱ्यांच्या खिडक्या, सामोशाची ताटे, मोबाइलची दुकाने, आणि "अंकल, रूम? अंकल, मसाला दोसा?" असे विचारत पाठीशी लागणारी, आपल्याच उपखंडातली तरुण मंडळी. वरच्या मजल्यांवर खानावळी आणि स्वस्त गेस्टहाउसे. गॉर्डन मॅथ्यूज नावाच्या, हाँगकाँगमध्येच शिकवणाऱ्या एका मानववंशशास्त्रज्ञाने ह्या एका इमारतीवर आख्खे पुस्तक लिहिले आहे. ते २०११ साली प्रसिद्ध झाले. गेस्टहाउसांच्या नोंदवह्या पाहून त्याने सव्वाशेहून अधिक देशांचे लोक मोजले. आम्ही लिफ्टच्या रांगेत उभे होतो तेव्हा त्यातले निदान दहा देश आमच्या पुढेच असावेत. एका आफ्रिकी व्यापाऱ्याने तीन खोकी आत ढकलली, लिफ्टने घंटा वाजवून निषेध नोंदवला, तेव्हा त्याने एक खोके न काढता आपल्या मित्राला बाहेर काढले.

खोली अशी की एक जण उभा राहिला तर दुसऱ्याने पलंगावर बसावे. न्हाणीघरात नळाखाली उभे राहिले की कमोड, आरसा आणि टॉवेल अशा सर्वांचीच आंघोळ व्हायची. पण चादरी स्वच्छ होत्या. सौ.नी त्यांचे कोपरे उचलून पाहिले आणि पुन्हा आपल्या पद्धतीने, रुग्णालयात घालतात तसे, पंचेचाळीस अंशात दुमडून खोचले. गेस्टहाउस सांभाळणारे पंजाबी गृहस्थ ते पाहून म्हणाले, "बहेनजी, आप नर्स हैं क्या?" त्या क्षणापासून आमच्याकडे चहा न मागता येऊ लागला. त्यांनीच सांगितले की २०१९ साली मोर्चे ह्याच रस्त्याने गेले तेव्हा ह्या इमारतीतल्या लोकांनी दारात उभे राहून मोर्चेकऱ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटल्या होत्या. "आणि आता?" मी विचारले. २०२० साली राष्ट्रीय सुरक्षा कायदा आल्यापासून मोर्चे नाहीत, एवढेच सांगून ते किल्ल्या मोजू लागले. मीही पुढे विचारले नाही.

संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो. कोपऱ्यावरून वळतो तो सौ. थबकल्या. "अहो, ही पाटी पाहिलीत का? मोदी रोड!"

पाटीचा आपल्या राजकारणाशी काही संबंध नाही. हे मोदी म्हणजे सर होरमसजी नवरोजी मोदी. मुंबईचे पारशी. १८६० च्या सुमारास ते हाँगकाँगला आले ते सावकारी आणि अफूचा व्यापार करणाऱ्या एका हिंदी पेढीवर नोकरीला, आणि थोड्याच वर्षांत स्वतःचा व्यापार करू लागले. पुढे जमिनी आणि शेअर ह्यांत अमाप पैसा मिळवला आणि हाँगकाँग विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसाठी मोठी देणगी दिली. विद्यापीठ १९११ साली स्थापन झाले, त्याच वर्षी मोदी वारले. वर्ग भरलेले पाहायला काही ते राहिले नाहीत.

"अफू?" सौ. म्हणाल्या. पण तेवढ्यात समोर बंदर आले आणि बोलणे तिथेच राहिले.

खरोखर, त्या बंदरासमोर बोलणे राहतेच. कौलूनच्या धक्क्यावर जुन्या रेल्वे स्टेशनचा १९१५ सालचा घड्याळाचा मनोरा एकटाच उभा आहे. स्टेशन १९७८ साली पाडले. पलीकडे पाण्यापासून थेट डोंगरापर्यंत काचेचे मनोरे, आणि मधल्या चिंचोळ्या पाण्यातून हिरव्या-पांढऱ्या, पोटाने रुंद अशा बोटी निवांत ये-जा करतात. ह्याच स्टार फेरीच्या बोटी. ह्यांचाही धनी मूळचा मुंबईकर! दोराबजी नवरोजी मिठाईवाला हा पारशी १८५२ च्या सुमारास हाँगकाँगला आला. बोटीत चोरून बसून आला असे सांगतात. स्वयंपाकी म्हणून राबला, पुढे हॉटेलवाला झाला, आणि १८८८ साली त्याने ह्या खाडीत फेरीची कंपनी काढली. दहा वर्षांनी ती दुसऱ्यांच्या हाती गेली आणि तिचे नाव स्टार फेरी झाले.

शनिवार-रविवारी वरच्या मजल्याचे भाडे सहा-साडेसहा हाँगकाँग डॉलर, म्हणजे आपले सत्तरएक रुपये. लाकडी बाकांवर चांदणीच्या आकाराची भोके. बोट कोणत्याही दिशेला जावो, बाकाची पाठ उलटवली की आपले तोंड पुढे! खलाशी अजून निळ्या नाविकी पोशाखात असतात आणि लांब काठीच्या आकड्याने दोर पकडून बोट बांधतात. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला किंवा रेवसला गेलेल्या माणसाला इथे दोन मिनिटांत घरच्यासारखे वाटेल. १९७२ साली पाण्याखालचा बोगदा सुरू होईपर्यंत बहुतेक जनता ह्याच बोटींनी खाडी ओलांडी. म्हणूनच १९६६ साली वरच्या वर्गाचे भाडे पाच सेंटांनी वाढवायचे ठरले तेव्हा एका तरुणाने धक्क्यावर उपोषण मांडले, आणि त्यातून पुढे दंगल उसळली. पाच सेंटांसाठी! पण मुंबईच्या लोकलच्या भाड्यावरून आपल्याकडे काय काय झाले असते ह्याचा विचार करा, म्हणजे नवल वाटणार नाही.

पलीकडच्या तीरावरचा धक्का मात्र नवा आहे. जुना १९५७ सालचा होता. खाडीत भर घालण्यासाठी २००६ साली लोकांचा विरोध असताना तो पाडला, आणि आता त्याच्याहूनही जुन्या घाटाचा देखावा करणारा नवा धक्का थोडा पुढे बांधला आहे. खाडी अशी दर पिढीला अरुंद होते. आम्ही मुंबईच्या नावाने बोटे मोडतो. पण समुद्र खाण्याची भूक सगळ्या बेटांना सारखीच.

दुसऱ्या दिवशी रविवार. शहराच्या ह्या भागाला सेंट्रल म्हणतात. इथे ब्यांकांचे मनोरे, आणि त्यांतही पाहण्यासारखा हाँगकाँग-शांघाय ब्यांकेचा. नॉर्मन फॉस्टर ह्या वास्तुशिल्पज्ञाने बांधलेली, १९८५ साली पुरी झालेली ही इमारत जणू खांबांवर टांगलेली आहे. तिच्या पोटाखालून रस्ता जावा तसे मोकळे पटांगण आहे. दारात ब्राँझच्या सिंहांची जोडी. त्यांच्या अंगावर दुसऱ्या महायुद्धातल्या माऱ्याचे व्रण अजून दिसतात.

पण त्या दिवशी सिंहांकडे कोण पाहतो? पटांगणभर पुठ्ठे अंथरले होते आणि पुठ्ठ्यांवर शेकडो बायका बसल्या होत्या. कोणी डबे सोडले होते, कोणी एकमेकींच्या वेण्या घालीत होत्या, कोणी फोनवरच्या लेकराशी बोलत होत्या, कोणी नुसत्याच पाय पसरून झोपल्या होत्या. मंगळागौर, हळदीकुंकू आणि एस. टी. स्टँड ह्या तिन्हींची एकत्र आठवण यावी असा तो कल्लोळ. ह्या फिलिपाइन्सच्या आणि इंडोनेशियाच्या घरकामकरणी. हाँगकाँगमध्ये अशा साडेतीन लाखांच्या आसपास आहेत. कायद्यानेच त्यांना मालकाच्या घरी राहावे लागते. आणि हाँगकाँगची घरे ती केवढी! आमच्या खोलीवरून कल्पना आलीच होती. तेव्हा आठवड्याच्या सुटीला जायचे कुठे? ब्यांकेखाली.

मी सिंहांचे फोटो काढून येतो तो सौ. एका पुठ्ठ्यावर मांडी घालून बसलेल्या! शेजारी चाळिशीची एक फिलिपिनो बाई. तिची मालकीण म्हणजे अर्धांगाने आडवी झालेली म्हातारी, आणि तिला पाठीला जखम होऊ लागलेली. सौ.नी आपली पाठपिशवी रोगी म्हणून आडवी घातली होती, आणि कुशीवर कसे वळवायचे, गुडघ्यांमध्ये उशी कशी द्यायची, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ह्याचा पाठ चालला होता. इंग्रजी दोघींचेही जेमतेम. पण हात बोलत होते. आजूबाजूच्या चार-पाच जणीही वळून बसल्या. तासभर मी पुठ्ठ्याच्या कडेला जोडे सांभाळीत उभा. त्यांनी मला भाताची वडी दिली. ती केळीच्या पानात गुंडाळलेली होती, म्हणून मी विश्वासाने खाल्ली.

उठताना सौ.नी सहज विचारले, "एवढी मोठी ब्यांक. कोणाची हो?"

मी ग्रंथपाल. विचारले की सांगायचे, ही एकोणचाळीस वर्षांची खोड. म्हटले, ही ब्यांक १८६५ ची. ती काढणाऱ्या समितीत इंग्रज होते, पारशी होते, आणि डेव्हिड ससूनचा एक मुलगाही होता.

"डेव्हिड ससून? आमचे ससून?"

"तुमचेच."

मग मला सगळेच सांगावे लागले. माळव्यात, म्हणजे शिंदे-होळकरांच्या आणि आसपासच्या संस्थानांच्या मुलखात, अफू पिके. ती मुंबई बंदरातून बोटींवर चढे आणि चीनला जाई. चिनी सरकारने अफूला बंदी घातली होती, तरी जाई. १८३९ साली चीनच्या बादशहाच्या अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांवर पेट्या जप्त केल्या आणि नष्ट करून टाकल्या. इंग्रजांनी त्यावरून युद्ध केले, ते जिंकले, आणि १८४२ च्या तहाने हे हाँगकाँग बेट पदरात पाडून घेतले. तह व्हायच्याही आधी, १८४१ साली, इथल्या जमिनींचा पहिला लिलाव झाला तेव्हा बोली लावणाऱ्यांत पारशी पेढ्याही होत्या. सर जमशेटजी जीजीभाई, ज्यांच्या नावचे मुंबईला जे. जे. रुग्णालय आणि कलाशाळा आहे, ते ह्याच व्यापाराचे एक मोठे धनी. बगदादकडून मुंबईला आलेल्या डेव्हिड ससूनने १८४४ साली आपला मुलगा चीनला पाठवला. कापूस होता, कापड होते, आणि अफूही होती. पुढे १८७० च्या सुमारास हिंदुस्थानातल्या अफूच्या व्यापारात ससूनांचाच वरचष्मा झाला. डेव्हिड ससून १८६४ साली पुण्यात वारला. त्याच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय १८६७ साली सुरू झाले.

सौ. काही बोलल्या नाहीत. बोट असती तर पाण्याकडे पाहता आले असते. इथे समोर नुसत्या ट्रामी होत्या. एका ट्राममध्ये आम्ही चढलो. मागून चढायचे, पुढून उतरताना तीन-साडेतीन डॉलर टाकायचे. १९०४ पासून ह्या ट्रामी चालू आहेत, आणि त्या दुमजली आहेत. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. वडील तिच्या गोष्टी सांगत तेव्हा मला वाटे, हा म्हातारा माणूस गोष्ट फुगवतो आहे. वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या बाकावर बसून, दुकानांच्या पाट्या नाकाला घासत जाताना, वडिलांचा शब्द न् शब्द खरा वाटू लागला.

निम्मी वाट गेल्यावर सौ. म्हणाल्या, "मॉर्फिनचं कपाट आठवतं का तुम्हाला? मी घरी येऊन सांगत असे."

न आठवून कसे चालेल? वॉर्डातल्या त्या कुलूपबंद कपाटाची किल्ली पाळी बदलताना एका सिस्टरने दुसरीच्या हातात द्यायची. त्याआधी दोघींनी मिळून कुप्या मोजायच्या, वहीत लिहायच्या, सह्या करायच्या. मेळ बसेपर्यंत घरी जायचे नाही. १९९४ च्या पावसाळ्यात एक कुपी फुटली होती. तिच्या काचा कागदात गुंडाळून सौ. रात्री दहापर्यंत थांबल्या होत्या, आणि मी धाकट्याला घेऊन दारात.

"एका कुपीसाठी तीन सह्या," त्या म्हणाल्या. "मॉर्फिन म्हणजे अफूच की हो! आणि वीस हजार पेट्या म्हणता. एका पेटीत किती?"

"साठेक किलो."

त्यांनी मनाशी हिशेब केला असावा. ओठ हलले. मग म्हणाल्या, "तेव्हा आम्हाला दरवर्षी संस्थापकांची माहिती सांगत. दानशूर म्हणत. खोटं नाही ते. त्या दगडी इमारतीच्या व्हरांड्यात पावसाळ्यात दोन्हीकडून खाटा लावायचो, तरी वारा खेळायचा. काय बांधलं होतं!" आणि थोड्या वेळाने, "पण हे नाही कोणी सांगितलं."

मी तिला समजावण्यासाठी काहीतरी बोलणार होतो. त्या काळी हा व्यापार इंग्रज सरकारच्या कायद्याने चाले, सरकारचाच तिजोरीत वाटा असे, आणि व्यापारी मनाने दुष्ट होते असे काही नव्हे. हे सगळे खरे आहे. पण ते चिनी घरांतल्या लोकांना कोण सांगणार? तेव्हा गप्प बसलो.

ट्राम हॅपी व्हॅलीला थांबते. भोवती घोड्यांच्या शर्यतीचे मैदान आणि त्याच्या कडेने, डोंगरउतारावर, ओळीने दफनभूमी : मुसलमानांची, कॅथलिकांची, प्रॉटेस्टंटांची आणि पारशांची. मैदानाचे नाव आनंदाचे, आणि शेजार हा! पारशी दफनभूमी १८५२ सालची. इथे दखमा नाही, म्हणून मुंबई-सुरतेकडून आलेले हे व्यापारी मातीत पुरले गेले. नीटनेटकी बाग, दगडी थडगी, आणि वरून उंच इमारतींच्या खिडक्यांत वाळत घातलेले कपडे. सौ. तिथे बराच वेळ होत्या. मी बाकावर बसून पायांची समजूत घालीत होतो.

परतताना वान चाय भागात रतनजी रुग्णालय लागले. ह्यांची गोष्ट मला ठाऊक होती आणि ह्या वेळी मी ती आपण होऊनच सांगितली. जहांगीर रतनजी ह्या पारशी गृहस्थांची मुलगी क्षयाने गेली. तिच्यामागे त्यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढायला पैसा दिला आणि ते १९४९ साली सुरू झाले. युद्धानंतर चीनमधून निर्वासितांचे लोंढे येत होते, दाटीवाटीने राहत होते, आणि क्षय शहरात वणव्यासारखा पसरला होता. क्षयावरच्या औषधांच्या पुढच्या कित्येक वर्षांच्या चाचण्या हाँगकाँगमध्ये झाल्या, त्यांत ह्या रुग्णालयाचाही वाटा होता.

सौ. फाटकाशी उभ्या राहिल्या. पांढऱ्या पोशाखातली एक पोरगी पाळी संपवून बाहेर पडत होती, तिच्याकडे पाहून त्या हसल्या. तीही हसली. मग माझ्याकडे वळून एकदम, "ह्यांचा पैसा कशाचा होता?"

"दारूचा," मी म्हटले. "रतनजींचा बिअरचा कारखाना होता."

सौ. अशा खळखळून हसल्या की रस्त्यातली माणसे पाहू लागली. मग आम्ही एका साध्या चहाच्या दुकानात शिरलो. इथला चहा कापडाच्या लांब पिशवीतून गाळतात आणि डब्यातले घट्ट दूध घालतात. अमृततुल्याच्या पंथातला, पण आले-वेलदोड्याची दीक्षा न घेतलेला. सोबत अननसपाव मागवला. त्यात अननस औषधालाही नसतो. वरचे कवच भेगाळलेले असते म्हणून नुसते नाव. पैसे देताना सौ.नी स्वतःची थैली काढली आणि मला देऊ दिले नाहीत.

रात्री फेरीने परतलो. बाकाची पाठ उलटवून सौ. मागच्या तीराकडे तोंड करून बसल्या. "पुण्याला गेलो की लाल देवळात जायचं," त्या म्हणाल्या. "डेव्हिड ससूनची कबर तिथे आहे म्हणतात. एकोणतीस वर्षं त्या भागातून येत-जात होते, आत कधी गेले नाही." कबरीपाशी जाऊन त्या काय करणार, हे मी विचारले नाही.

सोमवारी पहाटे पुन्हा पिशव्या चढवल्या. पंजाबी गृहस्थांनी लिफ्टपर्यंत पोहोचवले. गुडघ्यांवर कोणते तेल चोळावे हे सौ.नी त्यांना कागदावर लिहून दिले होते. बस विमानतळाकडे निघाली. वाटेत कंटेनर बंदर लागते. लाल, निळे, हिरवे कंटेनर एकावर एक रचलेले, मैलभर, आणि त्यांच्यावर यारींच्या माना वाकलेल्या. पुढे समुद्रावरचा त्सिंग मा पूल आला. खालून एक मोठे जहाज चालले होते, काठोकाठ भरलेले.

"ह्या पेट्यांतून आता काय जातं हो?" सौ.नी विचारले.

"काहीही. फोन, चपला, खेळणी, औषधंसुद्धा असतील."

त्यांनी काचेला कपाळ टेकवले आणि बोट लावून पेट्या मोजू लागल्या. पूल संपेपर्यंत त्यांची एक रांगही पुरी झाली नव्हती.